प्रत आणि प्रवेश : ग्रंथ, ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांच्या मूर्त रूपाचा प्रश्न

१

मराठीत 'प्रत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एखाद्या संहितेची नक्कल हा एक अर्थ, आणि वस्तूचा दर्जा हा दुसरा. पोथीची प्रत करतात आणि धान्याची प्रत पाहतात. हे दोन अर्थ भाषेत कसेही एकत्र आलेले असोत, पाठचिकित्सेच्या व्यवहारात ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. नक्कल कोणाच्या हातची, कोणत्या काळातली, कोणत्या मूळ प्रतीवरून केलेली हे समजल्यावाचून तिचा दर्जा ठरत नाही. आणि दर्जाचा प्रश्न उपस्थित झाल्यावाचून एका नकलेची दुसरीशी तुलना करण्याची गरज भासत नाही.

छापील ग्रंथ, तबकडी किंवा चित्रपटाची मूर्त प्रत यांना पडद्यावरील डिजिटल रूपापेक्षा अधिक मानणारा रसिक आज ज्या भूमिकेवरून बोलतो, ती भूमिका या शब्दाच्या आधारे तपासून पाहण्यासारखी आहे. या पसंतीचे समर्थन सामान्यतः संवेदनेच्या भाषेत केले जाते. कागदाचा वास, पान उलटण्याचा आवाज, तबकडीवर सुई टेकताना होणारी खरखर, मुखपृष्ठाचा स्पर्श ही त्या समर्थनाची नेहमीची सामग्री. विरोधक या सगळ्याला स्मरणरंजन म्हणून बाजूला सारतात, आणि समर्थनाची मांडणी तेवढीच असेल तर त्यांचा आक्षेप रास्तच ठरतो. वास आणि स्पर्श यांवर आधारलेली आवड ही व्यक्तिगत रुचीची बाब आहे. तिच्यातून समीक्षेच्या दृष्टीने विचारार्ह असा कोणताही सिद्धान्त निघत नाही. मात्र या भाबड्या समर्थनाआड एक वेगळा आणि अधिक गंभीर प्रश्न दडलेला आहे. तो प्रश्न द्रव्याचा नसून पुराव्याचा आहे.

२

यांत्रिक पुनर्निर्मितीच्या युगातील कलाकृतीविषयी वॉल्टर बेंजामिनने १९३५-३६ च्या सुमारास जे विवेचन केले, त्याचा या वादात हमखास आधार घेतला जातो. मूळ कलाकृतीभोवती असलेले तेजोवलय तिच्या एकमेवत्वातून, तिच्या एका स्थळी आणि एका काळी असण्यातून निर्माण होते. छायाचित्रण आणि चित्रपट यांमुळे प्रतींची संख्या वाढत जाते तसतसे ते वलय विरत जाते, असे त्याचे सूत्र. पण हे सूत्र तबकडीच्या संग्राहकाला लावू गेल्यास एक विसंगती समोर येते. लाँग-प्ले तबकडी ही स्वतःच यांत्रिक पुनर्निर्मिती आहे. तिच्या हजारो प्रती एकाच साच्यातून निघाल्या. ज्या वस्तूने वलय नष्ट केले असे बेंजामिनच्या सूत्रानुसार मानावे लागते, तिच्याच भोवती आज वलय उभे केले जात आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये लाँग-प्ले तबकड्यांची विक्री नगसंख्येत सीडीपेक्षा अधिक झाली. १९८७ नंतर असे प्रथमच घडत होते. हा खप वाढविणाऱ्या ग्राहकांत ज्यांनी तबकड्यांचे युग पाहिलेच नाही अशांचाही समावेश आहे. म्हणजे 'गेलेल्या दिवसांची ओढ' हे स्पष्टीकरणही येथे अपुरे पडते.

या विसंगतीचा उलगडा बेंजामिनच्याच दुसऱ्या एका लेखनातून होऊ शकतो. आपला ग्रंथसंग्रह पेट्यांतून बाहेर काढण्याच्या निमित्ताने १९३१ मध्ये लिहिलेल्या निबंधात तो संग्राहकाच्या मालकीचा विचार करतो. तेथे महत्त्व एकमेवत्वाला नसून प्रतीच्या चरित्राला आहे : ती कोठून आली, कोणाकडे होती, कशी मिळाली. एकाच साच्यातून निघालेल्या दोन प्रतीही पुढे वेगवेगळे आयुष्य जगतात. एकीवर ग्रंथालयाचा शिक्का बसतो, दुसरीच्या समासात कोणी पेन्सिलीने टिपा करतो. छापखान्यात जन्मतः सारख्या असलेल्या वस्तू इतिहासात भिन्न होत जातात. पडद्यावरील प्रतीला असे चरित्र बहुधा नसते. ती मागणीनुसार दरवेळी नव्याने समोर येते आणि पाठीमागे वाचकाला तपासता येईल अशी कोणतीही खूण ठेवत नाही.

३

मूर्त प्रतीच्या पक्षाला सर्वांत कठोर आव्हान मात्र बेंजामिनकडून मिळत नाही. ते नेल्सन गुडमन याच्या १९६८ मधील कलाभाषांविषयीच्या ग्रंथातून मिळते. गुडमनने कलांचे दोन वर्ग केले. चित्रकलेत मूळ कृती आणि तिची हुबेहूब नक्कल यांतील भेद अर्थपूर्ण असतो. साहित्यात तसा भेद संभवत नाही. कादंबरीची प्रत हस्तलिखित असो, सुबक छापलेली असो वा स्वस्त कागदावरची असो, अक्षरांचा क्रम बरोबर असेल तर ती त्या कादंबरीची तितकीच अस्सल प्रत होय. हे मान्य केल्यास पडद्यावरील पुस्तक आणि छापील पुस्तक यांत साहित्यदृष्ट्या काहीही फरक उरत नाही, आणि मूर्त प्रतीचा आग्रह धरणारा वाचक साहित्याचा नव्हे तर वस्तूंचा प्रेमी ठरतो.

हा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. पण तो एका गृहीतावर उभा आहे. 'अक्षरांचा क्रम बरोबर असेल तर' हे ते गृहीत. क्रम बरोबर आहे हे ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारे? भारतीय परंपरेत या प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रमाणावर शोधले गेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून त्या कामाला पद्धतीची शिस्त दिली. वेगवेगळ्या लिपींतील आणि वेगवेगळ्या प्रांतांतील शेकडो हस्तलिखिते पडताळून पाहिल्यावर जो पाठ निश्चित झाला, तो कोणत्याही एका पोथीतला पाठ नव्हता. तो पोथ्यांच्या परस्परविरोधातून हाती लागला. काश्मिरातली प्रत आणि केरळातली प्रत भिन्न होत्या, आणि त्या एकमेकींच्या नकळत टिकल्या, म्हणूनच हे शक्य झाले. साऱ्या पोथ्या एकाच भांडारातून, एकाच धन्याच्या आज्ञेने बदलता आल्या असत्या, तर चिकित्सेला जागाच राहिली नसती.

ज्ञानेश्वरीचा इतिहास हेच सांगतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि त्या शुद्ध पाठात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. संप्रदायात तो पाठ प्रमाण मानला गेला. तरीही १९०९ मध्ये वि. का. राजवाडे एकनाथपूर्व म्हणून एका पोथीचा पाठ छापू शकले, आणि त्या पाठाच्या प्रामाण्याविषयी अभ्यासकांना वाद घालता आला. राजवाड्यांचा निष्कर्ष कितपत ग्राह्य हा स्वतंत्र प्रश्न आहे. महत्त्व याला आहे की, एकनाथांसारख्या अधिकारी पुरुषाने पाठ शुद्ध केल्यावरही त्या पाठाबाहेरची पोथी अस्तित्वात राहू शकत होती. संपादकाचा अधिकार पुढील प्रतींवर चालत होता. आधीच लोकांच्या घरी गेलेल्या प्रतींवर तो चालत नव्हता.

म्हणजे गुडमनचा सिद्धान्त खरा मानला तरी तो ज्या 'बरोबर प्रती'ची अट घालतो, ती अट स्वतंत्रपणे टिकून राहिलेल्या अनेक प्रतींच्या आधाराशिवाय तपासता येत नाही. साहित्यकृती द्रव्यातीत असेल. पण तिच्या द्रव्यातीततेची ग्वाही द्रव्यच देत असते.

४

याखेरीज जेथे रूप हाच आशयाचा भाग असतो, तेथे गुडमनची विभागणी मुळातच डळमळते. डी. एफ. मॅकेन्झी याने १९८५ च्या आपल्या व्याख्यानांत ग्रंथाचे भौतिक रूप अर्थावर परिणाम करते हे सूत्र मांडले. त्याचा पडताळा पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अरुण कोलटकरांचा इंग्रजी 'जेजुरी' हा संग्रह १९७६ मध्ये मुंबईत क्लिअरिंग हाउसतर्फे प्रसिद्ध झाला. त्याच्या अखेरीकडे ज्वारीच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्यांचे जे दृश्य येते, ते वर्णनातून जेवढे उभे राहते तेवढेच पानावरील शब्दांच्या वरखाली होण्यातून उभे राहते. तेथे शब्द वाचायचे नसतात, पाहायचे असतात. पडद्याच्या रुंदीनुसार आणि वाचकाने निवडलेल्या अक्षराच्या आकारानुसार ओळी पुन्हा मोडणाऱ्या ई-पुस्तकात हे दृश्य विस्कटते. अक्षरांचा क्रम जसाच्या तसा राहतो आणि कविता निघून जाते. व्यवसायाने आरेखनकार असलेल्या कवीच्या बाबतीत पान ही केवळ कागदाची सोय नव्हती, हे वेगळे सांगावयास नको.

संगीताच्या क्षेत्रात हा मुद्दा अधिक ठळक होतो. १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या काळच्या मुद्रिकांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव उच्चारते. मुद्रणाचे साचे जर्मनीतील हॅनोवरला जात आणि तेथील कारागिरांना कलावंताची ओळख पटावी म्हणून ही घोषणा केली जाई, असे सांगितले जाते. संगीताच्या दृष्टीने ती फालतू. ती गाळून केलेली 'स्वच्छ' डिजिटल आवृत्ती कानाला अधिक सुखद वाटेल. परंतु ही मैफल नव्हे, कारखान्यासाठी केलेले गायन आहे, याचा पुरावा त्या घोषणेतच आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. बालगंधर्वांचे जे पद रंगभूमीवर 'वन्समोअर' घेत लांबत जाई, ते तबकडीवर या मर्यादेत बसवावे लागले. विस्तार टाळून चीज आणि तिचा अर्क देण्याची एक नवी शिस्त त्यातून तयार झाली. तबकडी हातात घेणाऱ्याला ती मर्यादा दिसते. गाण्यांच्या अखंड यादीत तेच पद ऐकणाऱ्याला तीन मिनिटे हा गायकाचा निर्णय वाटू शकतो.

याहून सूक्ष्म मुद्दा गतीचा आहे. जुन्या तबकड्या सरसकट मिनिटाला ७८ फेऱ्यांच्याच होत्या असे नाही. आरंभीच्या काळात ही गती मुद्रणागणिक कमीअधिक असे. गती बदलली की स्वर बदलतो. म्हणजे गायकाची पट्टी कोणती, हा हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासातला मूलभूत प्रश्न तबकडी कोणत्या गतीने फिरवली यावर अवलंबून राहतो. डिजिटल रूपांतर करणाऱ्याने एक गती गृहीत धरलेली असते. ती चुकली असेल, तर ती चूक मूळ तबकडीवरून दुरुस्त करता येते. तबकडीवरील चिठ्ठी आणि तिच्या आतल्या कडेला कोरलेला साचा-क्रमांक यांवरून मुद्रणाचा काळही ताडता येतो. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेसारख्या मंडळींनी जे काम केले, त्याला केवळ छंद म्हणणे त्यामुळेच अन्यायाचे होईल. हे काम पाठचिकित्सकाचेच आहे. फरक इतकाच की येथे पोथीच्या जागी लाखेची तबकडी आहे.

५

एवढ्या विवेचनावरून द्रव्य चांगले आणि अंक वाईट असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी ही पूर्णतः डिजिटल आहे. तरीही कपाटात ठेवलेल्या सीडीतील मजकूर तिच्या विक्रेत्याला बदलता येत नाही. उलट, छापील पुस्तक ग्रंथालयात नुसते 'पाहावयास' मिळत असेल तर ते वाचकाचे नसते. खरी सीमारेषा अंकीय आणि अनंकीय यांच्यात नाही. ती 'प्रत' आणि 'प्रवेश' यांच्यात आहे. प्रत म्हणजे विक्रेत्यापासून, प्रकाशकापासून, प्रसंगी लेखकापासूनही स्वतंत्र झालेली संहिता. प्रवेश म्हणजे दुसऱ्याच्या भांडारातील संहिता त्याच्या अटींवर आणि त्याच्या मर्जीपर्यंत पाहण्याची मुभा. आजच्या डिजिटल व्यवहारात खरेदीचा शब्द वापरला जातो. पण बहुतेक वेळा दिली जाते ती मुभाच.

या भेदाचे परिणाम गेल्या काही वर्षांत उघडपणे दिसले आहेत. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' या कादंबऱ्यांच्या काही ई-प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून टाकल्या. विकणाऱ्याकडे त्या आवृत्तीचे हक्क नव्हते हे कारण होते. पैसे परत केले गेले आणि पुढे कंपनीने दिलगिरीही व्यक्त केली. कारण कायदेशीर होते, म्हणूनच प्रसंग अधिक बोधप्रद आहे. चोरटी छापील आवृत्ती निघाली तर प्रकाशकावर खटला भरता येतो. घराघरांत शिरून कपाटातील प्रती उचलता येत नाहीत. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तकेही वाचेनाशी झाली. येथेही पैसे परत मिळाले, पुस्तके मिळाली नाहीत.

यापेक्षा चिंताजनक आहे तो नाहीसे होण्याऐवजी बदलण्याचा प्रकार. २०२३ मध्ये रोआल्ड डाल याच्या बालवाङ्मयातील अनेक शब्द प्रकाशकाने बदलल्याचे उघड झाले. वाद झाल्यावर जुन्या पाठाच्या प्रतीही उपलब्ध ठेवण्याचे जाहीर करण्यात आले. हे बदल योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे, आणि बालवाचकांसाठी पाठ बदलणे ही मराठीलाही अपरिचित गोष्ट नाही. पण आधी घेतलेली ई-पुस्तकेही आपोआप नव्या पाठात गेल्याच्या वाचकांच्या तक्रारी त्या वेळी प्रसिद्ध झाल्या. बदल झाला हे ज्यांच्या कपाटात जुनी छापील प्रत होती त्यांना दाखवून देता आले. तशी प्रत कोणाकडेच नसती, तर बदल हा बदल म्हणून ओळखूही आला नसता. पाठभेद नाहीसा होणे ही एक हानी. पाठभेद होता याची आठवणही नाहीशी होणे ही त्याहून मोठी हानी होय.

चित्रपटाच्या बाबतीत मराठी माणसाला हा धडा फार पूर्वी मिळाला आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये चार रिळांचा होता. आज त्याचा काही भागच पाहावयास मिळतो, आणि तोही १९१३ चा की १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हा मतभेद संभवतो तो रिळे शिल्लक आहेत म्हणून. १९३१ च्या 'आलम आरा' विषयी असा मतभेद होऊच शकत नाही, कारण त्याची एकही प्रत ज्ञात नाही. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी आयुष्यभर डबे गोळा केले. कोणता चित्रपट थोर याचा निवाडा आधी करून मग जमवायचे, अशी त्यांची रीत नव्हती. आधी प्रत टिकली पाहिजे, निवाडा पुढच्यांनी करावा, हा त्यामागचा विवेक होता.

६

मूर्त प्रतीचा पक्ष मांडताना तिच्या दुबळेपणाकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांची अनेक रिळे जळाली. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्यांची व ग्रंथांची नासधूस झाली. कागदाला वाळवी लागते, लाखेची तबकडी फुटते. शिवाय मूर्त प्रत ज्याच्या दाराशी पोचत नाही, त्याला तिच्या थोरवीचे कौतुक कशासाठी असावे? जिल्ह्याच्या ठिकाणी राहून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला दुर्मीळ मराठी ग्रंथ आज मिळतात ते बहुधा पानांच्या डिजिटल प्रतिमांतूनच. दृष्टिहीन वाचकाला तर बोलणाऱ्या संहितेनेच ग्रंथाचे दार उघडले आहे. या लाभांना तुच्छ लेखणारा मूर्तिपूजक आपल्या पक्षाचेच नुकसान करतो.

पण हे दोन्ही आक्षेप 'प्रत आणि प्रवेश' या भेदाला बाध आणत नाहीत; ते त्याला पुष्टीच देतात. आगीवर आणि जमावावर उतारा म्हणजे प्रतींचा विखुरलेपणा. एका ठिकाणची प्रत जळाली तरी दुसऱ्या ठिकाणची उरावी, ही त्यामागची साधी युक्ती. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढण्याची रीत व्यापाराच्या दृष्टीने तोकडी असेल. परंतु त्या हजार प्रती गावोगावच्या ग्रंथालयांत आणि घरांत पांगत असत, आणि त्या पांगण्यातच संहितेचे रक्षण होते. छापील प्रतीवरून केलेली डिजिटल प्रतिमा जेव्हा अनेकांच्या संगणकांवर उतरवून ठेवलेली असते, तेव्हा तीही अशीच पांगलेली प्रत होते. ती जेव्हा एकाच भांडारात राहते आणि वाचक केवळ डोकावतो, तेव्हा हजार वाचक असूनही प्रत एकच असते. वाचकसंख्या वाढली तरी साक्षीदारांची संख्या वाढत नाही.

कायद्याची दृष्टीही अद्याप या भेदापर्यंत पुरेशी पोचलेली दिसत नाही. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवाव्यात असे सांगणारा १९५४ चा कायदा छापील ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवून झाला होता. केवळ पडद्यावर प्रसिद्ध होणाऱ्या मराठी लेखनाची कोणती अवस्था जपायची, किती ठिकाणी जपायची आणि बदल झाल्यास आधीची अवस्था कोणी सांभाळायची, हे प्रश्न त्या चौकटीत बसत नाहीत. विद्यापीठीय संशोधनात मात्र ते रोज उपस्थित होतात. प्रबंधात ज्या पाठाचा आधार घेतला तोच पाठ परीक्षकाला दिसेल याची हमी नसेल, तर संदर्भ देण्याच्या क्रियेतला अर्थच निघून जातो.

७

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी लिहून ठेवत की, समोर जसे होते तसे उतरवले आहे, चूक असल्यास दोष आपल्याला देऊ नये. त्या विनवणीत नम्रता आहे, आणि तिच्याइतकीच एक कबुलीही आहे : ही प्रत दुसऱ्या प्रतीवरून झाली आहे, आणि ती प्रत वाचकाला कोठेतरी मिळू शकेल. समीक्षा या कबुलीवर जगते. संहितेविषयी कोणतेही विधान करताना समीक्षक असे गृहीत धरतो की, ज्या शब्दांविषयी बोलले जात आहे ते शब्द वाचकालाही तसेच सापडतील, आणि न सापडल्यास का सापडत नाहीत याचा शोध घेता येईल.

तेव्हा ग्रंथ, तबकडी आणि रीळ यांविषयीच्या आवडीला नाजूक संवेदनांच्या कप्प्यात टाकून चालणार नाही. कागदाच्या वासासाठी पुस्तक जपणारा वाचक कारण चुकीचे देत असेल, पण त्याची कृती चुकीची नाही. त्याच्या कपाटातील प्रत, मग ती कितीही सामान्य आवृत्तीची का असेना, उद्याच्या पाठचिकित्सकापुढे उभा राहणारा एक साक्षीदार आहे. ग्रंथालयांनी जागेअभावी जुन्या आवृत्त्या रद्दीत काढताना, आणि संशोधकांनी पडद्यावरील पाठालाच अंतिम मानताना, एवढे भान ठेवणे अगत्याचे आहे. भिन्न साक्षी उरल्याच नाहीत तर पाठ एकच राहील, वादही मिटतील. परंतु त्या एकमताला प्रामाण्य म्हणता येणार नाही.